चौथ्या जागेची सुपारी

बसा रे. गेली लाईट. आता दोन तास येत नाही, लूम बंद म्हणजे तुमची चंगळच. तो कंदील तिकडेच राहू दे, डोळ्यावर येतो माझ्या.

तर मचवा ठरवताय म्हणे. शुक्रवारच्या सुट्टीला खोल समुद्रात गरी टाकायला जायचंय. जा की, कोण नको म्हणतंय? तुमच्या वयात आम्हीही असलेच उपद्व्याप केले. फक्त एक सांगतो. कुणाला न्यायचं ते एकदा ठरलं, की मग मनात काळंबेरं ठेवून त्यातला माणूस गाळू नका. का, ते आता ऐका. ऐकीव गोष्ट नाही ही, माझ्या चांगल्या ओळखीतल्या माणसावर गुदरलेली आहे. मध्ये बोलायचं नाही. दात काढायचे असतील त्यांनी आत्ताच काढून घ्या.

अंजूरचा राघो आणि त्याच्याच आळीतला सावळाराम. भिवंडीत एका कारखान्यात, एका शिफ्टला, शेजारशेजारच्या लूमवर दोघं. सात वर्षं. येताना-जाताना सायकल एकच. राघो पायडल मारायचा, सावळाराम मागे बसून गावभरच्या थापा हाणायचा. शुक्रवारी दोघं खाडीवर गरी टाकून बसत. राघोची बायको काशी चारचौघींत म्हणायची, "माज्या आदी या बाबाचं लगीन सावळारामशी झालंय." बाया खिदळायच्या. राघोही हसायचा. खरं सांगू का, त्याला ते ऐकायला बरं वाटायचं.

मग कोन गावचा हिरामण कारखान्यात लागला. माणूस वाईट नव्हता हो, हे आधीच सांगून ठेवतो. वाईट असता तर राघोला सोपं गेलं असतं. हसतमुख, हुशार, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचा मामा मुंबईच्या गोदीत कामाला. तो भाच्याला नायलॉनचा दोर आणि मोठ्या गऱ्या आणून द्यायचा. एकदा हिरामणने डब्याच्या सुट्टीत सांगितलं, की वसईच्या पाचूबंदरला मचवा भाड्याने मिळतो, रात्रभर खोल पाण्यात नेतात, माणसाच्या मांडीएवढी घोळ मासळी लागते. झालं! सावळारामच्या डोळ्यांत ती घोळच शिरली.

त्या दिवसापासून सावळाराम डबा उघडायचा तो हिरामणच्या शेजारी. लूमच्या खडखडाटात ओरडून बोलायचा तो हिरामणशी. परतीच्या वाटेवर सायकलच्या मागून एकच पालुपद, हिरामण असं म्हणतो, हिरामण तसं म्हणतो. राघो मुकाट पायडल मारायचा. रात्री जेवण जायचं नाही. काशीने विचारलं तर म्हणायचा, पित्त झालंय.

मचवा बघायला तिघं पाचूबंदरला गेले. दोन मचवे होते. एक शिडाचा, जुना, पण राघोच्या मनात भरला. दुसरा इंजिनचा, गोमा तांडेलाचा, तो स्वतःच हाकायचा. राघो म्हणाला, "शिडाचाच घेऊ. आवाज न्हाय, मासा बुजत न्हाय." हिरामण काही न बोलता शिडाच्या मचव्यात उतरला. तळची फळी उचलली, बोट घालून वास घेतला आणि म्हणाला, "लाकूड कुजलंय, दादा. पानी धरतोय." मग गोमाच्या इंजिनला कान लावून उभा राहिला.

सावळारामने एका शब्दाने राघोला विचारलं नाही. "हिरामण बोलतो तर हाच," म्हणाला, आणि ठरलं. गोमा म्हणाला, चार पाहुणे घेईन, पाचवा नाही. तीन तर हे झाले. चौथा त्यांचे लूम जुळवणारा जॉबर रामनाथ, बनारसकडचा. "हमने तो समंदर देखाही नहीं, भाई," म्हणत तोही तयार झाला.

तयारी राघोने अंगावर घेतली. निदान त्यात तरी आपण पुढे, असं त्याचं. शिसं वितळवून वजनं ओतली, बांगड्याचे तुकडे मिठात घातले, पाण्याचं मडकं, सुकटाची चटणी, सगळं बघितलं. चार संध्याकाळी बसून गऱ्या बांधल्या, चाळीसच्या वर. कुठली गाठ मारली असेल? लूमवर सुताची तार तुटली की आपण मारतो ती. डोळे मिटूनही मारू शकतो आपण ती, हाताला दुसरी येतेच कुठे!

हिरामण आला, एक गरी बोटाला लावली आणि हलकेच ओढली. गाठ सर्रकन सुटली. "ही सुताला चालते, राघोदादा. नायलॉन गुळगुळीत आसतं, त्याला न्हाय चालत," तो म्हणाला. हळू म्हणाला, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. पण सावळारामने ऐकलंच. हसत सुटला. "जल्लं तुजं! घोळ लागली आसती आन् गरी घेऊन गेली आसती. सोड त्या समद्या. हिरामण दाखवतो तशा बांध."

राघोने सगळ्या गऱ्या सोडल्या. परत बांधल्या. हिरामण शेजारी बसून शिकवत होता, तेही चांगुलपणाने. राघोला वाटत होतं, ह्या दोराने ह्याचाच गळा आवळावा.

आता नीट ऐका. चौऱ्याहत्तर साल. दसरा झालेला, दिवाळी आठवड्यावर. खोल पाण्यात गरी टाकायची तर भांगाची वेळ धरतात, पाण्याला ओढ कमी असते. गोमाचा निरोप आला, गुरुवारी सात तारखेला अष्टमी आहे, भरतीला मचवा खाडीतून वर अंजूरच्या धक्क्याला आणतो, आठला पाणी फिरेल, पाण्याबरोबर निघायचं, कुणासाठी थांबणार नाही. हा निरोप मिळाला बुधवारी दुपारी. हिरामण त्या आठवड्यात भातकापणीला रजा टाकून घरीच होता, कामावर भेटणार नव्हता.

सावळारामला सगळं रीतसर लागायचं. आपल्याकडे लग्नकार्याला सुपारी ठेवून बोलावतात, तसं त्याने ह्यालाही केलं. देव्हाऱ्यापुढे सुपाऱ्या ठेवल्या, हळद लावली. "दर्याचं काम हाय, नुसतं तोंडी नको," म्हणाला. एक राघोच्या हातावर ठेवली, दोन बांधून दिल्या. "एक रामनाथला, एक हिरामणला. येळ नीट सांग दोघांना. आन् ध्यानात ठेव, देवापुढून उठलेली सुपारी माघारी आनायची न्हाय."

राघो सायकल घेऊन निघाला. काम काही मोठं नव्हतं. रामनाथ भिवंडीतच राहायचा, त्याची सुपारी सात वाजता पोचली. तिथून कल्याणच्या रस्त्याने कोन, अर्ध्या तासाची वाट. राघो नाक्यापर्यंत गेला. एक पाय खाली टेकवून उभा राहिला. समोरून ट्रक जात होते. त्याने सायकल वळवली.

म्हटलं तर केवढीशी गोष्ट. हिरामणला वेळ कळली नाही, तर तो येणार नाही. तांडेल थांबणार नाही. मचव्यात सावळाराम असेल आणि शेजारी राघो. पूर्वीसारखं. एवढंच हवं होतं हो त्याला.

पण खिशात सुपारी. घरी न्यावी तर माघारी आल्यासारखी होते. रस्त्यात टाकवेना, हळदीची होती. मग तो धक्क्यावर गेला. रात्रीचे सव्वानऊ. पाणी उतरलं होतं, पायऱ्या ओल्या होत्या. तो शेवटच्या उघड्या पायरीपर्यंत खाली गेला. उद्याच्या भरतीला पाणी इथवर येईल, घेऊन जाईल, असा त्याचा हिशेब. सुपारी ठेवली.

ठेवली तर ठेवली, गप यायचं की नाही? पण मनातली आग. तो बोलला. मोठ्यानेच बोलला. "घे. गुरवारी, आठ वाजता. हिरामणच्या जागी कुनी बी येवो. हिरामण नको."

खाडीत काही हललं नाही. तो वर आला. सायकल घेतली. घरी गेला, आणि त्या रात्री पोटभर जेवला.

काय रे? काय म्हणालास? गिऱ्हा? पाण्यातल्या भुताचं नाव कशाला घेतोस दिवेलागण झाल्यावर! मी कुठलं नाव सांगितलंय का? खाडीत आजवर काय कमी माणसं गेलीत? गप बस.

सावळारामने सकाळी विचारलं, "दिली का हिरामणला?" राघो म्हणाला, "दिली." डोळ्याची पापणीही लवली नाही.

गुरुवारी तिघं साडेसातला धक्क्यावर. मचवा लागलेला. पाणी काठोकाठ, वरच्या पायरीला टेकलेलं. चंद्र मध्यरात्रीच्या सुमारालाच उगवणार होता, काळोख मिट्ट. सावळाराम सारखा रस्त्याकडे बघायचा. पावणेआठ झाले. आठ झाले. "येळ बरोबर सांगितलीस ना रं?" "सांगितली." "मंग आला का न्हाय?" राघोने खांदे उडवले. सावळाराम अगदी रडवेला झाला. राघोला त्याची दया आली नाही. माझ्यासाठी कधी असा कासावीस झाला होता का, हेच त्याच्या डोक्यात.

गोमा ओरडला, "पानी फिरला! चला!" रामनाथने सामान चढवलं. मचवा सुटला. इंजिन धडधडलं. सावळाराम हिरमुसून बसला, आणि राघो त्याच्या शेजारी जाऊन बसला. खांद्याला खांदा. वाऱ्याला थंडी होती. राघोला वाटलं, आता रात्रभर हा माझा आहे.

गोमा तांडेलाची एक रीत होती. किनारा सुटला की कंदील बारीक करायचा आणि पाहुण्यांना आकडे बोलायला लावायचा. अंधारात डोळा फसतो, आवाज फसत नाही, असं त्याचं म्हणणं.

"मोजा रं," गोमा म्हणाला.

"एक," सावळाराम.

"दोन," राघो.

"तीन, भैया," रामनाथ.

आणि मचव्याच्या पुढच्या टोकाकडून, नाळेवरून...

"चार."

"हां, म्हंजे आला तुमचा मानूस," गोमा म्हणाला, आणि सुकाणू वळवलं.

सावळारामने उडीच मारली. "हिरामण! कवा चढलास रं? जीव घेतलास की माजा!" नाळेवर कुणीतरी पाठमोरं बसलेलं होतं, डोक्यावरून काहीतरी घेतलेलं. सावळाराम जाळ्यांवरून, दोरांवरून धडपडत तिकडे गेला आणि त्याच्या शेजारी बसला. राघोच्या खांद्याजवळची जागा रिकामी झाली.

तुम्हाला वाटेल राघो घाबरला. छे! तो पेटला. त्याला वाटलं, कळलं ह्याला कुठूनतरी, रामनाथने सांगितलं असणार, आणि आला चोरासारखा चढून. मला तोंडघशी पाडायला! दातओठ खात बसला. रामनाथला विचारलं असतं, पण खाडीचं तोंड सुटल्यावर तो जो ओकायला लागला, तो मचव्याच्या तळाशी आडवाच झाला.

खोल पाण्यात इंजिन बंद झालं. नांगर पडला. गऱ्या सोडल्या. आता फक्त पाण्याचा चुबूक चुबूक आवाज, आणि नाळेवरून सावळारामचं बोलणं. हसणं. घरचं, दारचं, मनातलं काय काय सांगत होता तो. राघोला सात वर्षांत सांगितलं नव्हतं ते. मध्येच थांबायचा, ऐकल्यासारखं करायचा, आणि पुन्हा हसायचा. मासा लागला की "बघ बघ!" करून त्याला दाखवायचा. लागतही होते एकामागून एक. राघोच्या गरीला काही नाही.

पण त्या दुसऱ्याचा आवाज... तो ऐकूच येत नव्हता. "चार" म्हणाला तेवढाच.

साडेअकराच्या पुढे चंद्र वर आला. अर्धाच. पिवळा. राघोने नाळेकडे बघितलं. दोन पाठी. सावळारामच्या हातात दोर होता. दुसऱ्याच्या हातात काही नव्हतं. नायलॉनचा दोर मिरवणारा हिरामण, आणि हात रिकामे?

आणि तो भिजलेला होता. डोक्यावरून घेतलेल्यातून पाणी गळत होतं. टप... टप. बाकीचे सगळे कोरडे. समुद्र शांत.

राघो उठला. मडक्यातलं पाणी द्यायचं निमित्त केलं. चार हातांवर गेला. तिथे वास आला. उपसलेल्या गाळाचा.

"हिरामण," तो म्हणाला.

टप... टप.

सावळाराम मान वळवून बघेना. जसं काही राघो मचव्यात नव्हताच.

राघोचा राग अजून वरच होता. "तुला... तुला कुनी सांगितलं? येळ कुनी सांगितली?"

पाठ हलली नाही. मग अगदी साधा, रोजचा आवाज.

"तूच की."

...

मडकं कधी हातातून सुटलं ते राघोला कळलं नाही. तो मागे सरकला. गोमाच्या पायाशी जाऊन बसला. गोमाने विचारलं, काय झालं? सावळारामला हाक मारावी, इकडे ये म्हणावं... ओठ हलले नाहीत. पहाटेपर्यंत दोन पाठी बघत बसला. मध्ये कधीतरी डोळा लागला असेल. एवढाच.

उजाडलं. नाळेवर सावळाराम एकटा बसला होता.

नांगर उचलायच्या आधी गोमाने पुन्हा आकडे बोलायला लावले. एक. दोन. रामनाथने पडल्या पडल्या तीन म्हटलं.

गोमा वाट बघत राहिला. मग त्याचा चेहरा पांढरा पडला. "मानूस गेला... मानूस गेला रं!" मचवा दोनदा तीनदा फिरवला. फळ्या उचलल्या, जाळी उपसली. रामनाथ रामराम म्हणत होता. सावळाराम मात्र शांत. म्हणाला, "शोधू नका. तो गेला आपल्या वाटंनं. यील परत."

अंजूरला लागल्या लागल्या तिघांनी टेम्पो पकडला आणि कोन गाठलं. हिरामणच्या आईला काय सांगायचं, ह्याच विचाराने रामनाथ रडत होता. आणि दारात हिरामण. खाटेवर बसून गऱ्या पुसत होता.

ह्यांना बघून उठला. चेहरा पडलेला. "जाऊन आलात? मला कुनी सांगितलंच न्हाय, दादा. चार दिस पिशवी बांधून बसलो होतो, आज निरोप यील, उद्या यील. सुपारी काय आली न्हाय मला."

रामनाथने राघोकडे बघितलं. हिरामणने बघितलं. राघो दारातच खाली बसला आणि सगळं बोलला. नाक्यावरून सायकल वळवली, ते पायरीवर काय बोलला, तिथपर्यंत सगळं. काही लपवलं नाही. "मला मार, सावळाराम. शिव्या दे. पन बोल," म्हणाला.

सावळारामने ऐकलं की नाही, देव जाणे. तो हिरामणकडे बघत होता, अनोळखी माणसाकडे बघावं तसा. एवढंच म्हणाला, "मंग तू न्हवतास व्हय? बरं झालं." आणि एकटाच चालायला लागला.

तेव्हापासून सावळाराम राघोशी बोलला नाही. हिरामणशीही नाही. भांडण नाही हो, राग नाही. कामावर यायचा, लूम चालवायचा, काही विचारलं तर मान हलवायचा. त्याच्या आईने, बायजाबाईने, भगत केले, गणेशपुरीच्या कुंडात आंघोळी घातल्या. ताप नाही, वेड नाही. भाकरी नीट खातो. फक्त अष्टमी आली, की संध्याकाळची भरती उतरली की धक्क्यावर जातो आणि खालच्या पायरीवर बसतो. मधोमध नाही बसत. एका अंगाला सरकून. शेजारी माणूसभर जागा सोडून.

पाच वर्षं झाली ह्याला. आणि गंमत बघा, गंमत म्हणू नये, पण बघा. प्रत्येक अष्टमीला वर बांधावर दोघं जण अंधारात बसलेले असतात. राघो आणि हिरामण. एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. खाली सावळाराम बोलतो, थांबतो, हसतो, ते ऐकत बसतात. राघोला मी एकदा विचारलं, भीती नाही वाटत रे? तर म्हणाला, "भ्या व्हतं पयल्या वर्साला. आता नुसतं जळतं. त्याच्याशी कसा हसतो बघा. आमच्याशी कवा हसला असा?"

मागच्या अष्टमीला सावळाराम उठून गेल्यावर राघो पहिल्यांदा ती पायरी उतरून गेला. हिरामण वरून नको नको म्हणत होता. राघोने बॅटरी मारली. पायरीवर विडीची दोन थोटकं पडली होती, शेजारी शेजारी. सावळारामने जन्मात विडीला हात लावलेला नाही, हे राघोला माहीत होतं. सावळाराम बसला होता त्या अंगाचं थोटूक कोरडं होतं. दुसरं, सोडलेल्या जागेतलं, त्याने उचललं आणि बोटांत दाबलं, तर त्यातून खारं पाणी निथळलं. पार चोथा झाला होता त्याचा. आणि तरी ती विडी दोऱ्यापर्यंत ओढलेली होती, आणि तिचं टोक अजून गरम होतं.